मेंढी-शेळीपालनातील तंत्रविद्येचा इतिहास

मेंढ्या व शेळ्या यांचे संगोपन, प्रजनन, रोगनिवारण, राखण, लोकरीची कातरणी आणि जनावरांची ओळख यांसाठी मनुष्याने वेळोवेळी वापरलेली साधने व पद्धती यांचा विचार या विषयात केला जातो. ही साधने स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. तारेचे कुंपण, कातरणीयंत्र, संपूर्ण कळपाला एकाच वेळी पाजावयाची जंतनाशक औषधे यांसारख्या साधनांमुळे एका माणसाला अधिक जनावरे सांभाळता येतात. गर्भातील पिलांची संख्या दाखविणारे यंत्र, कानातील इलेक्ट्रॉनीय बिल्ला, गळपट्ट्यातील संवेदक यांसारख्या साधनांमुळे कळपातील एकेका जनावराची स्थिती अधिक नेमकेपणे कळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सु. सव्वाशे वर्षे पहिल्या प्रकारच्या साधनांचे प्राबल्य होते. त्यांमुळे उत्पादन वाढले. परंतु कळपाबरोबर चालणारा मेंढपाळ अनेक देशांत नाहीसा झाला आणि त्याच्याबरोबर एकेका जनावरावरील दैनंदिन नजरही गेली. प्राणिकल्याण व टिकाऊ पशुपालन या हेतूंनी अलीकडे पुढे आलेली बरीच साधने ही हरपलेली नजर अन्य मार्गाने परत मिळविण्याचा प्रयत्न करतात. जेथे मेंढपाळ आजही कळपाबरोबर आहे, अशा भारतासारख्या देशांत मात्र नव्या तंत्रविद्येपुढील प्रश्न वेगळा आहे.

पूर्वपीठिका : मेंढी व शेळी हे प्राणी सु. १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाळविण्यात आले. तेव्हापासून हजारो वर्षे आकड्याची काठी, राखणीचा कुत्रा, म्होरक्या जनावराच्या गळ्यातील घंटा, लोकर कातरण्याची कात्री आणि रात्री कळप कोंडण्यासाठी लाकडी ताट्या किंवा दोरीचे जाळे एवढीच मेंढपाळाची सामग्री असे. लंगडणारी मेंढी, चरताना मागे रेंगाळणारी शेळी, आचळाला न लागणारे कोकरू या गोष्टी तो दिवसभर कळपासोबत असल्यामुळेच त्याच्या ध्यानात येत. स्पेनमध्ये मेरिनो मेंढ्यांचे कळप उन्हाळ्यात उत्तरेकडील डोंगरांत व हिवाळ्यात दक्षिणेकडील कुरणांत नेण्याची पद्धत होती. या कळपांच्या मालकांच्या ‘मेस्ता’ नावाच्या संघाला १२७३ मध्ये राजमान्यता मिळाली व तो १८३६ पर्यंत टिकला.

महाराष्ट्रातील धनगर मेंढपाळांची भटकंती याच प्रकारची आहे. पावसाळ्यानंतर पठारावरील चारा संपू लागला, की अनेक वाडे घाट उतरून कोकणात जातात व पावसाळ्याच्या तोंडी परत फिरतात. पीक निघालेल्या शेतांतील धसकटे, पाला व गवत यांवर मेंढ्या चरतात. रात्री त्या शेतात बसविल्या, की जमिनीला लेंडीखत मिळते व त्याचा मोबदला मेंढपाळाला धान्याच्या किंवा पैशाच्या रूपाने मिळतो. वाटेत जन्मलेली कोकरे घोड्यावर लादून नेली जातात. या व्यवस्थेत चारा विकत घ्यावा लागत नाही आणि जमिनीचा कसही राखला जातो. तथापि तिचे गुणगान करताना तिच्या मर्यादा विसरता येत नाहीत. दुष्काळ, लांडगे व साथीचे रोग यांपुढे मेंढपाळ हतबल असे. रोग ओळखता आला, तरी त्यावर इलाज त्याच्या हाती नव्हता.

कुंपणाचा प्रसार : ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्या १७९७ मध्ये प्रथम आणण्यात आल्या. पुढील सु. अर्धशतक तेथेही प्रत्येक कळपामागे एक मेंढपाळ असे व रात्री मेंढ्या ताट्यांच्या वाड्यात कोंडल्या जात. हे काम बहुधा शिक्षा भोगण्यासाठी इंग्लंडमधून पाठविलेल्या कैद्यांकडून करून घेतले जाई. १८५१ मध्ये सोन्याचा शोध लागल्यावर माणसे खाणींकडे धावली, मेंढपाळ मिळेनात आणि त्यांची मजुरी वाढली. त्यामुळे मोठ्या कुरणांना तारेचे कुंपण घालून मेंढ्या आत मोकळ्या सोडण्याची पद्धत रूढ होऊ लागली. १८८० नंतरच्या दशकापर्यंत न्यू साउथ वेल्समधील बहुतेक कुरणे कुंपणबंद झाली. मेंढपाळाच्या जागी कुंपणाची दुरुस्ती पाहत घोड्यावरून फिरणारा राखणदार आला. तो तार पाहत असे. मेंढ्या त्याला दुरूनच दिसत.

या बदलाचा मेंढ्यांना काही बाबतींत लाभच झाला. दररोज सकाळ-संध्याकाळ हाकलले जाणे थांबल्यामुळे त्यांची पायपीट कमी झाली, त्या मनाप्रमाणे चरू लागल्या आणि रात्रीच्या दाटीवाटीच्या वाड्यांत पसरणारे खरूज व खूर कुजणे हे रोग घटले. लोकरीचे उत्पन्नही वाढले. १८७७ मध्ये फ्रेडरिक वुल्झली यांनी कातरणीयंत्राचे एकस्व मिळविले आणि १८८८ मध्ये डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप येथील कुरणावर संपूर्ण कळपाची कातरणी प्रथमच यंत्रांनी झाली. १८९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली.

याच वाढीत पुढील संकटाचे मूळ होते. कुंपणामुळे कळपाला चारा संपला तरी पुढे सरकता येत नसे आणि त्यातच सशांनी कुरणे फस्त केली. १८९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून सुरू झालेल्या दीर्घ अवर्षणात लक्षावधी मेंढ्या उपासमारीने मेल्या. १९०२ पर्यंत त्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आणि पश्चिम न्यू साउथ वेल्समधील मोठ्या प्रदेशातील मृदा वाऱ्याने उडून गेली. त्याची चौकशी करण्यासाठी राजकीय आयोग नेमावा लागला आणि १९०१ मध्ये त्या प्रदेशातील जमिनींसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. जनावरांचे हाल व जमिनीची नासाडी या दोन गोष्टी एकाच कारणातून उद्‌भवतात, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

रोगनिवारण : खरूज हा मेंढ्यांच्या अंगावरील किडीमुळे होणारा रोग एकोणिसाव्या शतकात सर्वत्र त्रासदायक होता. इंग्लंडमधील बर्कमस्टेड येथील पशुचिकित्सक विल्यम कूपर यांनी १८५२ मध्ये आर्सेनिक व गंधक यांचे चूर्ण तयार केले. ते पाण्यात मिसळून त्यात मेंढ्या बुडवीत. सक्तीच्या औषधी स्नानांमुळे व आजारी कळपांची विल्हेवाट लावल्यामुळे ऑस्ट्रेलियातून १८९६ पर्यंत या रोगाचे उच्चाटन झाले. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये खरूज पुन्हा उद्‌भवल्यावर पुढे सेंद्रिय फॉस्फरस संयुगांच्या स्नानांचा अवलंब झाला. जनावरे बुडविणाऱ्या अनेक शेतकऱ्यांनी मज्जासंस्थेच्या विकारांच्या तक्रारी केल्यामुळे ही संयुगे पुढे दीर्घकाळ वादाचा विषय झाली. सक्तीचे स्नान १९९२ मध्ये बंद करण्यात आले.

लसीकरणाच्या इतिहासात मेंढी व शेळी यांना मानाचे स्थान आहे. लूई पाश्चर यांनी फ्रान्समधील पूयी-ल-फॉर या गावी मे १८८१ मध्ये २४ मेंढ्या, १ शेळी व काही गाई यांना काळपुळीची (अँथ्रॅक्सची) लस टोचली आणि तेवढ्याच मेंढ्या-शेळ्या लसीविना ठेवल्या. ३१ मे रोजी सर्वांना रोगाचे तीव्र जंतू टोचण्यात आले. २ जून रोजी लोक जमले, तेव्हा लस टोचलेली जनावरे धडधाकट होती आणि लस न टोचलेल्या मेंढ्या मेलेल्या किंवा मरणासन्न होत्या. मेंढपाळाच्या दक्षतेला जे कधीच साधले नसते, ते लसीने साधले [⟶ लस].

जंतनाशक औषधांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. हीमाँकस काँटॉर्टस हा जंत मेंढ्या व शेळ्या यांच्या चौथ्या जठरात राहून रक्त शोषतो आणि जनावर रक्तक्षयाने मरते. त्यावर १९३८ मध्ये फिनोथायाझीन, १९६१ मध्ये थायाबेंडाझोल व १९८१ मध्ये आयव्हरमेक्टीन ही प्रभावी औषधे उपलब्ध झाली. ती स्वस्त व सोयीची असल्याने ठराविक काळाने सबंध कळपाला पाजण्याचा प्रघात पडला. प्रत्येक वेळी औषधाला दाद न देणारे थोडे जंत वाचत व त्यांचीच प्रजा वाढे. फिनोथायाझिनाला न जुमानणारे जंत १९५७ मध्ये, तर थायाबेंडाझोलाला न जुमानणारे १९६४ मध्ये नोंदले गेले. आयव्हरमेक्टिनाचीही तीच गत काही वर्षांतच दक्षिण आफ्रिकेत झाली. काही कळपांवर उपलब्ध औषधांपैकी एकही चालेनासे झाले.

या संकटातून निघालेला मार्ग वैशिष्ट्यपूर्ण आहे. दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्य फाफा मलान यांच्या कल्पनेवरून आणि बाथ, व्हान विक प्रभृतींच्या संशोधनातून १९९० नंतरच्या दशकात ‘फामाचा’ ही पद्धत सिद्ध झाली. जनावराची खालची पापणी ओढून आतील श्लेष्मकलेचा रंग एका पत्त्यावरील पाच रंगछटांशी ताडून पाहतात. लाल छटेचे जनावर निरोगी, तर पांढुरके जनावर रक्तक्षयाने पीडित समजतात आणि फिक्या छटांच्या जनावरांनाच औषध पाजतात. कळपातील बहुतेक जंत थोड्याच जनावरांत एकवटलेले असतात, हे या पद्धतीमागील तत्त्व होय. औषध न दिलेल्या जनावरांतील जंत औषधाला बळी पडणारेच राहत असल्यामुळे प्रतिकारक जंतांची वाढही मंदावते. पत्ता स्वस्त असतो व तो वापरण्यास लिहितावाचता येण्याची गरज नसते. प्रत्येक जनावर हाती धरून पाहावे मात्र लागते. त्यामुळे ही पद्धत लहान कळपांना, विशेषतः शेळीपालकांना, अधिक मानवली व अनेक देशांत पसरली.

म्यूल्स शस्त्रक्रिया : ऑस्ट्रेलियात १८८० नंतर अमेरिकेतील व्हर्माँट येथून अंगावर पुष्कळ सुरकुत्या असलेले मेरिनो मेंढे आणण्यात आले. सुरकुत्यांमुळे कातडीचे क्षेत्रफळ वाढून लोकर अधिक मिळेल, अशी अपेक्षा होती. परंतु शेपटीभोवतीच्या सुरकुत्यांत मलमूत्र साचून लोकर ओली राहते. तेथे लुसिलिया कुप्रिना ही माशी अंडी घालते व तिच्या अळ्या जिवंत मेंढीचे मांस कुरतडतात. माणसाची नजर पडली नाही, तर अशी मेंढी थोड्याच दिवसांत अत्यंत यातनामय रीतीने मरते. विस्तीर्ण कुंपणबंद कुरणांत ती वेळेवर दृष्टीस पडणे कठीण असे.

१९३० च्या सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियातील जे. एच. डब्ल्यू. म्यूल्स यांनी मेंढीच्या शेपटीभोवतीची सुरकुतलेली कातडी कापून काढण्याची पद्धत सुचविली. जखम भरल्यावर तेथे लोकरहित गुळगुळीत व्रण राहतो व माशीला थारा मिळत नाही. लहान कोकरांवर बहुधा भूल न देता केली जाणारी ही क्रिया लक्षावधी मेंढ्यांना अळ्यांच्या उपद्रवापासून आयुष्यभर वाचविणारी ठरली आणि त्याच वेळी प्रत्येक कोकराला तीव्र वेदना देणारीही ठरली. सेडन, बेल्शनर व मलहर्न यांनी १९३१ मध्येच सुरकुत्या व माशीचा उपद्रव यांचा संबंध दाखवून दिला होता आणि कमी सुरकुत्यांच्या मेंढ्यांची पैदास हा मार्ग त्यावरून उघड दिसत होता. पैदाशीला अनेक पिढ्या लागतात, सुरी एका दिवसात काम करते. व्यवहारात सुरीची सरशी झाली.

२००४ मध्ये प्राणिहक्कवादी संघटनांच्या बहिष्काराच्या मोहिमेनंतर ऑस्ट्रेलियातील मेंढी व्यवसायाने ही पद्धत २०१० पर्यंत थांबविण्याचे जाहीर केले. परंतु २००९ मध्ये ही मुदत सोडून देण्यात आली. २००५ पासून जखमेवर फवारावयाचे वेदनाशामक औषध वापरात आले. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०१८ पासून या शस्त्रक्रियेवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात अंगाला सुरकुत्या व शेपटीभोवती लोकर कमी असलेल्या मेंढ्यांची निवड करण्यासाठी आनुवंशिक मूल्यांकनाचा उपयोग केला जातो. १९३१ मध्ये दिसलेला मार्गच त्यामुळे बऱ्याच विलंबाने अवलंबिला जात आहे.

प्राणिकल्याणाची संकल्पना : प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास मनाई करणारे कायदे एकोणिसाव्या शतकापासून आहेत, भारतातील सध्याचा कायदा १९६० चा आहे. उत्पादनासाठी पाळलेल्या जनावराचे एकंदर जीवन कसे असावे, हा विचार मात्र नंतरचा आहे. रूथ हॅरिसन यांच्या १९६४ मधील पुस्तकाने ब्रिटनमध्ये या प्रश्नाकडे लक्ष वेधले. सरकारने नेमलेल्या ब्रँबेल समितीने १९६५ मध्ये अहवाल दिला व १९७९ मध्ये भूक व तहान, गैरसोय, वेदना व रोग, भीती व क्लेश यांपासून मुक्तता आणि नैसर्गिक वर्तनाची मोकळीक ही पाच तत्त्वे मांडली गेली. यूरोपीय संघाने १९९७ च्या ॲम्स्टरडॅम तहाला जोडलेल्या मसुद्यात प्राणी संवेदनक्षम असल्याचे मान्य केले.

विज्ञानानेही मेंढीविषयीचा जुना समज बदलला. इंग्लंडमधील बॅब्रॅम संस्थेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे ओळखतात व दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवतात, असे आढळले. शिकारी प्राण्यांना दुबळेपणा दिसू नये म्हणून मेंढी वेदना लपविते, असे सामान्यतः मानतात. तरीही २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी डोळा, गाल, कान, ओठ व नाकपुड्या यांच्या ठेवणीवरून मेंढीच्या वेदनेची तीव्रता मोजण्याची श्रेणी तयार केली आणि पुढच्या वर्षी हेच परीक्षण छायाचित्रांवरून संगणकाकडून करवून घेण्याचे प्रयोग तेथे झाले.

ओळख व देखरेख यांची साधने : श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने मेंढीच्या गर्भातील कोकरे मोजण्याची पद्धत फाउलर व विल्किन्स या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. जुळी असलेल्या मेंढ्या वेगळ्या काढून त्यांना अधिक पोषक खाद्य देता येऊ लागले, तसेच गरज नसलेल्या मेंढ्यांवरील खाद्याचा खर्चही वाचला. प्राणिकल्याण व काटकसर ज्यात एकमेकांना पूरक ठरतात, अशा साधनांत याची गणना होते.

जनावरांच्या वैयक्तिक ओळखीला मोठी चालना एका आपत्तीने दिली. फेब्रुवारी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ उघडकीस आली, तोपर्यंत बाजारांतून विकल्या गेलेल्या मेंढ्यांबरोबर रोग दूरवर पसरला होता. मेंढ्यांची नोंद कळपवार असल्यामुळे कोणती मेंढी कोठून कोठे गेली, याचा माग काढणे दुष्कर होते. साथ आटोक्यात आणताना ६० लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. त्यांत बहुसंख्य मेंढ्या होत्या. त्यानंतर यूरोपीय संघाने २००४ मध्ये नियम केला आणि ज्या देशांत मेंढ्या-शेळ्यांची एकूण संख्या ६ लाखांहून अधिक आहे, तेथे ३१ डिसेंबर २००९ नंतर जन्मलेल्या जनावरांना इलेक्ट्रॉनीय ओळखचिन्ह सक्तीचे झाले. हे चिन्ह कानातील बिल्ल्यात किंवा जठरात राहणाऱ्या गोळीत बसविलेले असते व रेडिओ तरंगांच्या साहाय्याने वाचता येते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०१७ पासून व संपूर्ण देशाने १ जानेवारी २०२५ पासून नवजात मेंढ्या व शेळ्या यांच्यासाठी हीच सक्ती केली. रोगनियंत्रणासाठी आलेल्या बिल्ल्याचा उपयोग नंतर वजन, दूध, विण्याची नोंद व औषधोपचार यांसाठीही होऊ लागला. एखाद्या जनावराचे वजन घटल्याचे स्वयंचलित तराजूवरून कळते व केवळ त्यालाच औषध देता येते.

दृश्य कुंपणाशिवाय चराई नियंत्रित करण्याची पद्धत नॉर्वेत प्रथम शेळ्यांसाठी विकसित झाली. शेळीच्या गळपट्ट्यात उपग्रहांच्या साहाय्याने स्थान निश्चित करणारे यंत्र असते. नकाशावर आखलेली सीमा शेळीने गाठताच चढत जाणारा स्वर ऐकू येतो. ती मागे न वळल्यास विजेचा सौम्य धक्का बसतो. शेळ्या स्वर ऐकून वळावयास लवकर शिकतात, असे दिसून आले आहे. सीमा रोज बदलता येत असल्यामुळे कुरणाला विसावा मिळतो आणि हरवलेले जनावर सापडते. तथापि विजेच्या धक्क्यावर आधारलेले साधन प्राणिकल्याणाच्या दृष्टीने कितपत ग्राह्य मानावे, याविषयी मतभेद आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘टेककेअर’ या यूरोपीय संशोधन प्रकल्पात मेंढ्या व शेळ्या यांच्या कल्याणासाठी अशी साधने कितपत उपयुक्त आहेत, याची पारख शेतकऱ्यांच्या सहभागाने करण्यात आली.

भारत व महाराष्ट्र : २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात ७·४३ कोटी मेंढ्या व १४·८९ कोटी शेळ्या होत्या. त्या मुख्यतः अल्पभूधारक, भूमिहीन व भटक्या कुटुंबांच्या मालकीच्या असून शेळी ही बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असलेली चालतीबोलती शिल्लक असते. संशोधनासाठी राजस्थानात अविकानगर येथे मेंढी व लोकर यांची केंद्रीय संस्था १९६२ मध्ये आणि उत्तर प्रदेशात मथुरेजवळ मखदूम येथे शेळ्यांसाठीची केंद्रीय संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्र शासनाचे मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून कार्य करीत आहे.

येथील कळपात माणसाची उणीव नव्हती. उणीव होती ती लस, चारा व प्रतिकूल काळातील आधार यांची. पीपीआर हा मेंढ्या-शेळ्यांचा घातक विषाणुजन्य रोग भारतात १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम आढळला. त्यावर भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात व तमिळनाडूत देशी विषाणूंपासून परिणामकारक लसी तयार झाल्या. एकदा टोचलेली लस अनेक वर्षे संरक्षण देते. जगातून २०३० पर्यंत या रोगाचे उच्चाटन करण्याचा संकल्प २०१५ मध्ये सोडण्यात आला आहे. लस थंड ठेवून ती योग्य वेळी चालत्या कळपापर्यंत पोहोचविणे, ही त्यातील खरी अडचण आहे. बारा अंकी क्रमांकाचे बिल्ले व त्यांवर आधारलेली नोंदणी भारतातही सुरू झाली असून, नोंदलेला कळप महिन्याभरात दुसऱ्या जिल्ह्यात असतो, ही गोष्ट अशा नोंदणीत ध्यानात घ्यावी लागते.

फलटण (जि. सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेचे कार्य या संदर्भात उल्लेखनीय आहे. न्यू साउथ वेल्समधील बूरूला येथील सीअर्स बंधूंच्या मेरिनो कळपात एका वेतात अनेक कोकरे देणाऱ्या मेंढ्या होत्या. हा गुण एकाच जनुकामुळे येतो, असे १९८० नंतर मांडण्यात आले आणि २००१ मध्ये त्या जनुकातील बदल तीन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. १७९२–९३ मध्ये कोलकात्याहून ऑस्ट्रेलियात मेंढ्या नेण्यात आल्या होत्या. सुंदरबनातील गारोळ या लहानखुऱ्या मेंढीत तोच जनुक सापडल्याने तो मूळचा बंगालमधील असल्याचा तर्क बळावला. दख्खनी मेंढी एका वेतात सामान्यतः एकच कोकरू देते. बनबिहारी व चंदा निंबकर आणि त्यांचे सहकारी यांनी गारोळ मेंढीतील हा जनुक संकर व प्रतिसंकर करून दख्खनी मेंढीत आणला. या कामी ऑस्ट्रेलियन संस्थांचे व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे साहाय्य लाभले. जनुकधारी मेंढा बाह्यरूपावरून ओळखता येत नसल्याने त्याची रक्तातील डीएनए परीक्षेवरून निवड करावी लागते. यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध झाला. जनुकधारी मेंढ्यांचे वेतातील सरासरी प्रमाण सु. दीड कोकरांपर्यंत जाते; बूरूला मेरिनोप्रमाणे तिळी वा चार कोकरे होण्याचे प्रमाण अल्प असते.

जुळ्यांचा लाभ मेंढपाळाला मिळतो तो ती जगली तरच. जुळी कोकरे वजनाने लहान असतात, मेंढीचे दूध दोघांना पुरेलच असे नाही आणि भटकंतीत त्यांना सांभाळून नेण्याचा भार बहुतांशी स्त्रियांवर पडतो. त्यामुळे या मेंढ्या मेंढपाळांच्या कळपांत देताना लसीकरण, जंतनियंत्रण, पूरक खाद्य व नोंदी यांची जोड द्यावी लागली. प्रयोगशाळेत गवसलेला जनुक कळपात उपयोगी पडण्यासाठी कोकराला हाताने दूध पाजणारे माणूस लागते, असा या प्रकल्पाचा अनुभव आहे.

शेळीपालनात उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ व बेरारी या महाराष्ट्रातील जातींपैकी उस्मानाबादीचे कृत्रिम वीर्यसेचन फलटण येथे विकसित करण्यात आले. त्यामुळे चांगल्या बोकडाचा गुण अनेक गावांतील शेळ्यांना मिळू शकतो. बिहार, झारखंड, महाराष्ट्र इ. राज्यांत गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘पशुसखी’ म्हणून नेमण्याचा उपक्रम चालतो. त्या घरोघर जाऊन शेळ्या तपासतात, जंताची औषधे देतात व लसीकरणास साहाय्य करतात. येथे नवे साधन कमी व त्याचा वापर जाणणारी नजर अधिक आहे.

मूल्यमापन : गेल्या दोन शतकांतील अनुभवावरून काही गोष्टी निश्चित दिसतात. कुंपण, जंतनाशके व म्यूल्स शस्त्रक्रिया यांनी प्रत्येक वेळी एक दुःख दूर केले आणि दुसऱ्याला वाट करून दिली. कारण त्यांचा उपयोग मुख्यत्वे कमी माणसांत अधिक जनावरे ठेवण्यासाठी झाला. नव्या संवेदकांचाही तसाच उपयोग होणे अशक्य नाही. संगणकाने आजारी मेंढीची सूचना दिली, तरी तिच्यापर्यंत जाणारा माणूसच उरला नसेल, तर तिच्या यातना केवळ नोंदल्या जातात. तसेच या साधनांची किंमत, दूरसंचाराची सोय व मिळालेल्या माहितीवरील मालकी हे प्रश्न लहान पशुपालकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. याउलट फामाचाचा पत्ता, पीपीआरची लस व गर्भातील कोकरांची मोजणी यांनी जनावराचे कल्याण, जमिनीची सुस्थिती व मालकाचे उत्पन्न यांचा मेळ घालता येतो, हे दाखवून दिले आहे. महाराष्ट्रात चराऊ राने आक्रसत असून बारमाही बागायतीमुळे पीक निघाल्यानंतरची मोकळी शिवारेही कमी झाली आहेत. धनगरांच्या नव्या पिढीतील अनेक जण हा व्यवसाय सोडत आहेत. ऑस्ट्रेलियात मेंढपाळ गेल्यानंतर त्याची जागा भरून काढण्यासाठी शतकाहून अधिक काळ साधने शोधावी लागली. येथे तो अद्याप कळपाबरोबर असल्याने त्याच्या हाती योग्य साधने देण्याचा मार्ग खुला आहे.